राहुडचा घाट आणि तांब्याची टाकी

लग्न होऊन मी पंचवटीत आले तेव्हा आमच्या दारात मोटार होती. मोटार म्हणजे कुणा साहेबाची वापरून जुनी झालेली अमेरिकन गाडी. ह्यांनी आणि ह्यांच्या भागीदाराने ती घेऊन तिची मागची बाजू कापली आणि तिथे सागवानी फळ्यांचा हौदा बसवला. पुढे तिघं बसत, मागे माल राही. भागीदार मालेगावच्या मुसलमान विणकराच्या घरातले. तिकडची लुगडी नाशकात आणायची आणि जाताना सूत, किराणा न्यायचा, असा दोघांचा धंदा. मी त्यांना भाऊजी म्हणे, ते मला वहिनी म्हणत. आमच्याकडे त्यांची कपबशी वेगळी असे. चहा झाला की ते स्वतःच ती विसळून कोनाड्यात ठेवत. त्यावर तेव्हा कुणी काही बोलत नसे.

माझं माहेर आग्रा रोडवरच, चांदवडच्या पुढे राहुडचा घाट ओलांडला की लागे. पहिल्या दिवाळीला मी ह्या दोघांबरोबर ह्या गाडीतूनच निघाले. ओझर, पिंपळगाव झोकात मागे पडलं. घाटात मात्र अर्ध्या चढावर गाडी आचके देऊन बंद पडली. हे खाली उतरले, भाऊजींनी मागच्या चाकाला दगड लावला.

"काय झालं हो?" मी विचारलं.

"काही नाही. आता उलटी चढवायची."

मला थट्टाच वाटली. पण पेट्रोलची टाकी आमच्या सीटखाली होती. चढावर इंजिन वर जाई, टाकी खाली राही आणि पेट्रोल पोचत नसे. गाडीचं तोंड फिरवलं की टाकी वर येई. म्हणून जरा सपाट जागा बघून ह्यांनी गाडी वळवली आणि मान मागे टाकून ती उलटी चढवायला सुरुवात केली. बैलगाडीवाले थांबून बघत होते. माहेरी निघालेली मी, आणि माझ्या डोळ्यांसमोर नाशिकचाच रस्ता! मी पदरात तोंड लपवून हसले. ह्यांना ते लागलं.

परत आल्यावर ह्यांनी गाडीत सुधारणा करायचं मनावर घेतलं. मुंबईला मोठा कार्बोरेटर मिळतो, इंजिनाचं हेड तासून दाब वाढवता येतो, धुराची नळी रुंद केली की गाडी मोकळा श्वास घेते, असं कुठून कुठून ऐकून येत. भाऊजी ऐकून घेत.

"नळी रुंद केली तर आवाज वाढेल, भाई. आवाजाने घाट चढतो काय?"

"मग तुझं काय म्हणणं?"

"तिची स्वतःची ताकद गेलीय, ती आधी परत आणू. व्हॉल्व्ह गळतात. नवं मग बघू."

ह्यांना ते पटलं नाही. जुनं दुरुस्त करण्यात त्यांना मजा वाटत नसे. मुंबईला जाऊन ते मोठा कार्बोरेटर घेऊनच आले. पितळेचा, चकचकीत. तो बसवल्यावर गाडी ओझरपर्यंत अशी पळाली की माझ्या अंबाड्याची फुलं रस्त्यातच गेली. हे गात होते. इतके खूश मी त्यांना क्वचितच पाहिलं.

पण त्या खेपेला घाटात गाडी आधीपेक्षा लवकर बंद पडली. मोठ्या तोंडाला पेट्रोल जास्त लागे आणि येणारं तर तेवढंच होतं. भाऊजी एक शब्द बोलले नाहीत. त्याचाच ह्यांना राग आला.

"बोल की! हौस होती म्हणून आणला, असंच म्हणायचंय ना तुला?"

"मी काही म्हटलं का?"

त्यानंतर काही दिवस भाऊजी आमच्याकडे आले नाहीत. गाडी अंगणात उभी राहिली. हे तिच्याभोवती फिरत, बॉनेट उघडत, पुन्हा मिटत. शेवटी एका सकाळी स्वतःच भाऊजींच्या बिऱ्हाडी गेले आणि त्यांना घेऊन आले. दोघांनी मिळून इंजिनाचं हेड उतरवलं.

व्हॉल्व्ह घासायचं काम मी पहिल्यांदा पाहिलं. कडेला काळा लेप लावायचा, टोकाला रबराची वाटी असलेली काठी वर चिकटवायची आणि दोन्ही तळव्यांत धरून घुसळायची. ह्यांचे हात लवकर भरून येत. मी म्हटलं, "द्या इकडे. ताक मी रोजच घुसळते."

सासूबाई ओट्यावरून ओरडल्या, "बाईमाणसानं मोटारीला हात लावायचा?"

"लावू द्या, आई," भाऊजी म्हणाले, "आमच्यापेक्षा बरा लावतात."

थोड्या वेळाने सासूबाई खाली आल्या, माझ्याकडे बघत राहिल्या. "अशी काय घाई करतेस? सावकाश फिरव," म्हणाल्या आणि काठी माझ्या हातातून घेऊन स्वतःच बसल्या. त्यांनी तो व्हॉल्व्ह असा बसवला की वर ओतलेलं रॉकेल खाली थेंबभर उतरलं नाही.

टाकी वर न्यायची हे तेव्हाच ठरलं. आमचा बंब ज्या तांबटाने घडवला होता, त्याच्याकडून तांब्याची टाकी ठोकून घेतली, आतून कल्हई केली आणि काचेच्या पुढे, इंजिनाहून उंच बसवली. आत बसलं की तिचा तळ आमच्या गुडघ्यांवर येई. "पेट्रोल मांडीवर घेऊन बसणार?" म्हणून सासूबाई घाबरल्या. जुना लहान कार्बोरेटर पुन्हा बसवला. मोठा काढताना ह्यांनी तो पुसून फडक्यात बांधला आणि म्हणाले, "पळायला मस्त होता रे." भाऊजी म्हणाले, "होता. मलाही आवडला होता." तेवढ्याने ह्यांचा चेहरा निवळला.

पुढच्या खेपेला आम्ही तिघं निघालो. घाट लागला. गाडी हळू झाली, गुरगुरली, पण थांबली नाही. ह्यांनी स्टिअरिंगचं चाक घट्ट धरलं होतं, भाऊजी दार अर्धवट उघडून दगड घेऊनच बसले होते. माथ्यावर आलो तेव्हा त्यांनी तो दगड झाडीत भिरकावला आणि दोघं लहान मुलांसारखे ओरडले.

माहेरी उजेडीच पोचलो. आई चुलीपुढून उठून आली. "लवकर उनी व माय! आजून भाकर बी टाकेल नही." मग आम्ही तिघंही ओसरीवर बसून तिच्या भाकरीची वाट पाहत राहिलो, आणि भाऊजी माझ्या वडिलांना टाकीबद्दल सांगत राहिले.

लढाईच्या काळात पेट्रोल मिळेना, तेव्हा ती गाडी गेली. भाऊजी मालेगावला मागांच्या धंद्यात शिरले. ईदला, दिवाळीला भेट होई. पुढे ह्यांनी नवा ट्रक घेतला. त्यात सगळं जिथल्या तिथे होतं. पहिले काही दिवस हे संध्याकाळी त्याचं बॉनेट उघडून उभे राहत. मी चहा घेऊन गेले की म्हणत, "काही करण्यासारखं नाही गं ह्यात." आणि चहा मात्र तिथेच, उघड्या इंजिनापाशी उभ्याउभ्या पीत.