बाबांचा पेचकस आणि नील बेटावरचं घर

चेन्नईच्या विमानतळावर बाबांची रेक्झिनची पिशवी तपासणीच्या पट्ट्यावरून पुढे गेली, थांबली आणि परत मागे आली. जवानाने ती उघडली. टॉवेल, डायबेटिसच्या गोळ्या, फुटाण्यांची पुडी, आणि तळाशी एक पेचकस (स्क्रू फिरवायचं हत्यार, आम्ही भोपाळवाले त्याला पेचकसच म्हणतो).

"अंकल, ये अंदर नहीं जाएगा."

"छोटा है," बाबा म्हणाले.

"छोटा-बड़ा नहीं अंकल. ये नहीं जाएगा."

मागे रांग खोळंबली होती. मी मराठीत म्हणाले, "बाबा, आपण फिरायला चाललोय, कारखान्यात नाही." मराठी कोणाला कळली नसेल, पण सूर कळलाच असणार. बाबांनी पेचकसच्या लाकडी मुठीवरून एकदा अंगठा फिरवला आणि तो जवानाच्या ट्रेमध्ये ठेवला. विमान आकाशात गेलं, ढगांच्या वर गेलं, आईने माझा हात घट्ट धरला.

बाबा कारखान्यात फिटर होते. वर्ध्याकडच्या खेड्यातून आयटीआय करून भोपाळला आले आणि निवृत्त होईपर्यंत बरखेड्याला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहिले. मी तिथेच वाढले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, एम.कॉम. झाले, आता कॉलेजात शिकवते आणि बाबा निवृत्त झाले तेव्हा आनंद नगरला माझ्या नावावर फ्लॅट घेतला. हे सांगताना मला जराही संकोच वाटत नाही. आईबाबांना तिथे आणलं आणि बाबांना सांगितलं, "आता तुम्ही फक्त बसा."

ते बसले. खरोखरच बसले. क्वार्टरमध्ये असताना बाबा सकाळ-संध्याकाळ घराला नावं ठेवत. खिडक्या कुचकामी, वायरिंग आंधळ्याने केलेलं, गच्ची बांधणाऱ्याला उलटा टांगला पाहिजे. आणि बोलता बोलता सगळं दुरुस्त करत. माझ्या फ्लॅटमध्ये मात्र सगळं "छान आहे." पंखा लावू का, हेसुद्धा विचारून. शेजाऱ्यांना सांगताना "अर्चूचं घर." बाबांच्या विभागातल्या लोकांनी निवृत्तीला दिलेलं भिंतीवरचं घड्याळ दीड वर्ष फ्रिजवर टेकून उभं होतं. मी ड्रिलवाल्याला बोलावणार होते, ते राहूनच गेलं. बाबा स्वतःच्या मुलीच्या घरात पाहुण्यासारखे राहत होते आणि ते दिवसेंदिवस बारीक होत चाललेत असं मला वाटायचं. डॉक्टर म्हणाले, हवापालट करा. म्हणून जानेवारीत, परीक्षा आटोपल्यावर, हा अंदमानचा प्रवास.

पोर्ट ब्लेअरहून नील बेटाला सरकारी बोटीने दोन तास लागतात. खालच्या डेकवर डिझेलचा वास, कोंबड्यांच्या टोपल्या, बटाट्यांची पोती. आईने लिंबू हुंगत डोळे मिटून घेतले. बाबा मात्र जिन्याशी उभे राहून खालून येणारा इंजिनाचा आवाज ऐकत होते. मी म्हटलं, "बाबा, समुद्र तिकडे आहे."

"हो, बघितला," ते म्हणाले. "छान आहे."

धक्क्यावर उतरलो तेव्हा पाण्याकडे बघून आईसुद्धा लिंबू विसरली. काठाशी पाणी अगदी बिनरंगाचं, तळाची वाळू मोजून घ्यावी असं. पुढे पोपटी, त्यापुढे मोरपंखी, आणि खडकांची रांग संपते तिथून एकदम शाईसारखं निळं. आमचा भोपाळचा मोठा तलाव मला फार प्रिय आहे, पण खरं ते लिहिलं पाहिजे.

कॉटेज बेटाच्या पूर्वेच्या टोकाला होतं. मुद्दाम स्वयंपाकघर असलेलं शोधलं होतं, कारण आईला बाहेरचं जेवण एका दिवसापलीकडे सोसत नाही आणि बाबांची साखर सांभाळावी लागते. सुपारीच्या बागेतून पायवाट, मग केवड्याची झुडपं, आणि वाळू सुरू होते तिथे लाकडी फळ्यांचं दोन खोल्यांचं घर. मालकीण बंगाली, साठीची, कमरेला पदर खोचलेली. सगळं बेट तिला मासी म्हणतं. तिने किल्ली दिली आणि बाबांनी विचारलं,

"सामान की लिस्ट?"

"लिस्ट काहे को दादा?"

मी शरमेने दुसरीकडे बघितलं. ही क्वार्टरची सवय. क्वार्टर ताब्यात घेताना काय मोडकं आहे ते आधी लिहून द्यायचं, नाहीतर सोडताना सगळं आपल्या डोक्यावर येतं. बाबांनी खिशातून बोटीचं तिकीट काढलं आणि त्यामागे लिहायला घेतलं. दाराची कडी बसत नाही. स्टूल डुगडुगतं. शेगडीचा डावा बर्नर मंद. पंप चालताना आवाज करतो.

मासी कमरेवर हात ठेवून बघत होती. "दादा, थाली दो है, आदमी तीन. ये भी लिखो. एक आदमी बाद में खाएगा."

"वो मैं ही हूँ," आई म्हणाली. "मेरा लिखने की जरूरत नहीं." मासी इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं.

त्या संध्याकाळी मी एक गोष्ट पाहिली. टॉवेल वाळत घालायला जागा नव्हती. बाबांनी अंगणात पडलेला एक गंजका खिळा उचलला, दगडाने सरळ केला आणि त्याच दगडाने व्हरांड्याच्या खांबात ठोकला. कोणाला विचारलं नाही. पाच दिवसांच्या भाड्याच्या घरात त्यांनी येऊन तासाभरात खिळा ठोकला होता. मी फ्रिजवरच्या घड्याळाचा विचार करत बसले.

नीलवर भाजी भरपूर पिकते. सकाळी आई आणि मी बाजारात गेलो तर वांगी, दुधी, केळफूल, आणि येताना मासीच्या कुंपणावर पुईची वेल. पुई बघून आईचा चेहरा खुलला. "अगं, ही तर मायाळू. आपल्या क्वार्टरच्या तारेवर होती." दुपारी मायाळूची डाळभाजी, भात आणि शेगडीवर भाजलेलं वांगं. मासीने नारळाच्या करवंटीचा डाव वापरायला दिला होता. आईला तो एवढा आवडला की तिने स्टीलचा चमचा हातात धरला नाही.

ओहोटीला पाणी पार लांब जातं आणि खडकांमध्ये छोटी छोटी डबकी उरतात. त्यात निळे मासे, काळ्या काकडीसारखे काही जीव, आणि शंख. आईने वाळूतला एक शंख उचलला, तर त्याला पाय फुटले आणि तो तिच्या तळहातावरून चालायला लागला. ती किंचाळली नाही. खाली ठेवून नीट बघितलं. आत खेकडा होता. मासीने सांगितलं की हा वाढला की शंख सोडून दुसरा, मोठा शोधतो.

"म्हणजे याचंही क्वार्टरच," आई म्हणाली. "बदली झाली की खाली करायचं."

बाबा हसले नाहीत. ते वाकून त्या खेकड्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी पंप बंद पडला. म्हणजे मोटर गुणगुणत होती, पण टाकीत पाणी चढेना. मासी धावत आली. मिस्त्री दुसऱ्या बेटावरून येतो, तो परवा येईल. "आप लोग रिसॉर्ट में चले जाओ दीदी, मैं बोल देगी." मी मोबाइल काढून रेंज शोधायला लागले. तेवढ्यात बाबा पंपाशी जाऊन उकिडवे बसले, बाह्या वर सरकवल्या आणि म्हणाले, "मासी, औजार का डिब्बा है क्या?"

मी सवयीने बोलून गेले, "बाबा, राहू द्या ना. तुम्ही का त्रास घेता? आपण पाहुणे आहोत. मी करते काहीतरी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग बाह्या खाली केल्या, बटणं लावली आणि व्हरांड्यात जाऊन खुर्चीवर बसले. बरोब्बर तसेच, जसे आनंद नगरला बसतात. हात मांडीवर, नजर समोर.

आई स्वयंपाकघराच्या दारात पुई निवडत होती. ती हळू आवाजात म्हणाली, "दिवाळीच्या आधी तुझ्या बेसिनचा नळ गळत होता, आठवतं?"

"हो. मी दुरुस्त करून घेतला की."

"मोबाइलवरून माणूस बोलावलास. हे त्या दिवशी दुपारी उन्हात बाजारात जाऊन वायसर घेऊन आले होते. तू कॉलेजातून यायची वाट बघत होते, नळ खोलू का म्हणून विचारायला. तू आलीस ती त्या माणसाला घेऊनच."

"मला सांगायचं तरी."

"काय सांगणार? तू किती प्रेमाने म्हणतेस, बाबा बसा. वायसर अजून त्यांच्या गोळ्यांच्या डबीत आहे."

मला वाटत होतं की ज्या माणसाने आयुष्यभर हात काळे केले त्याला मी खुर्ची दिली. मी खुर्चीच दिली होती, बाकी सगळं काढून घेतलं होतं. वाळूत दोन-चार येरझाऱ्या घातल्या. मग व्हरांड्यात गेले.

"बाबा, अंघोळीला पाणी नाही. मिस्त्री परवा येणार. काही होतं का बघा ना."

"तू म्हणालीस पाहुणे आहोत."

"पाहुण्यांनी पारोसं बसायचं का?"

ते उठले. मासीचा डबा म्हणजे एक पकड, एक पाना आणि जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा. पेचकस नव्हताच. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही, मीही त्यांच्याकडे बघितलं नाही. पाइप आवळणाऱ्या पट्ट्याचा स्क्रू त्यांनी आईच्या सुरीच्या टोकाने काढला.

"इकडे ये. कान लाव," ते पाइपला हात लावून म्हणाले. "काय ऐकू येतं?"

"सूं असं काहीतरी."

"हवा ओढतोय. खाली झडप गेलीय."

विहिरीत सोडलेल्या पाइपच्या टोकाला झडप असते. पाणी वर येऊ देते, खाली पडू देत नाही. मी, मासी आणि आई, तिघींनी मिळून पाइप वर ओढला. झडपेचं रबर कुजून गेलं होतं. बाबांनी ट्यूबमधून गोल तुकडा कापला, जुन्यावर ठेवून मापला, कडा दगडावर घासली, पुन्हा मापला. झडप बसवून पाइप परत विहिरीत सोडला आणि मला वरून पाइपात बादलीने पाणी ओतायला लावलं. "हळू. हवा बाहेर येऊ दे. घाई कसली आहे? कॉलेजात तास घ्यायचाय का तुला?" माझी साडी गुडघ्यापर्यंत भिजली. दीड वर्षात बाबा मला रागावले नव्हते. मला फार बरं वाटत होतं.

मोटर लावली. गुणगुणली, खोकली, आणि टाकीत धो धो पाणी पडलं. मासीने हात जोडले, मग तेच हात धारेखाली धरून तोंड धुतलं.

"किस अनाड़ी मिस्त्री ने लगाया था ये?" बाबा तिला म्हणाले. "पाइप टेढ़ा, क्लैंप उलटा. ऐसे काम करते हैं?" मासी निमूटपणे ऐकून घेत होती, आणि आईने माझ्याकडे बघून पदर तोंडावर धरला.

उरलेले दोन दिवस बाबा आमचे नव्हते. कडी बसवली, स्टूलच्या पायाखाली नारळाच्या सालीची चकती लावली, बर्नर पिनेने साफ केला. बेटावर साडेपाचलाच उजाडतं. पहिल्या पाळीची वेळ. ते तेव्हाच कामाला लागायचे. आणि दुपारी, कोणी न सांगता, पँट दुमडून पाण्याच्या कडेला पाय पसरून बसायचे. लाट यायची, त्यांच्या टाचांखालची वाळू काढून न्यायची. "मजा येते," ते आईला म्हणाले. "बस इथं. गुदगुल्या होतात." आई बसली. मी लांबून बघितलं, फोटो नाही काढला.

निघताना बाबांनी बोटीचं ते तिकीट मासीपुढे धरलं. प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण. मासीला वाचता येत नव्हतं बहुतेक, तरी तिने बोट लावून एकेक ओळ पाहिली. करवंटीचा डाव तिने आईच्या पिशवीत कोंबला.

"दादा, चैत में आना. छप्पर बदलना है."

"देखेंगे," बाबा म्हणाले. आणि लगेच छपराकडे बघायला लागले.

पोर्ट ब्लेअरला परतीच्या आदल्या दिवशी बाजारात आई गळ्यातल्या मोत्यांच्या माळा बघत होती. मी समोरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि एक पेचकस घेतला, लाकडी मुठीचा. हॉटेलवर बाबांच्या हातात दिला. त्यांनी टोक नखाने तपासलं, उजेडाकडे धरलं.

"टोक बरं आहे. मूठ जरा जाड." थोडं थांबून म्हणाले, "मोठ्या बॅगेत टाक. कपड्यांच्या आत." तो चेन्नईहून पुढे रेल्वेने भोपाळपर्यंत सुखरूप आला.

आनंद नगरला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला निघाले. बाबा सोफ्यावर बसून पेपर वाचत होते. मी फ्रिजवरचं घड्याळ उचललं आणि त्यांच्या शेजारी ठेवलं.

"बाबा, हे लावा आज."

"कुठे?"

"ते तुम्ही बघा."

संध्याकाळी दार उघडलं तर घड्याळ दिवाणखान्याच्या मधल्या भिंतीवर होतं. तीच भिंत, जी मी खास फिकट पिवळ्या रंगाची करून घेतली होती आणि मुद्दाम मोकळी ठेवली होती. घड्याळ अगदी सरळ. पण त्याच्या बाजूला रुपयाएवढा खड्डा पडला होता आणि गिलाव्याचा चुरा खाली सोफ्यावर सांडला होता. बाबा हातोडी घेऊन स्टूलवर उभे होते आणि आई करवंटीच्या डावाने डाळ ढवळता ढवळता दारातून बघत होती.

"पहिला खिळा वाकला," बाबा भिंतीवर टिचकी मारत म्हणाले. "आवाज ऐक. पोकळ आहे आत. वाळूच वाळू भरलीय. कोणी बांधलंय हे? याला उलटा टांगला पाहिजे. आणि ती बाल्कनीची चौकट पाहिलीस का?"

मी पर्स खाली ठेवली आणि स्टूल धरून उभी राहिले. दीड वर्षात पहिल्यांदा बाबांनी आमच्या घराला नावं ठेवली होती.