फरार मामांची हजेरी

गेल्या हिवाळ्यात, एका रविवारी सकाळी सात वाजता, जलीब अल शुयूख या कामगारवस्तीत एका बांधकाम कंपनीच्या बंद फाटकासमोर एकोणीस माणसं धुतलेले शर्ट घालून ओळीत उभी राहिली आणि त्यांनी स्वतःची हजेरी घेतली. या एकोणीस जणांबद्दल कंपनीनं सरकारला आधीच कळवलं होतं की, ते कामावरून पळून गेले आहेत. हजेरी घेणारा माणूस माझ्या बायकोचा मामा होता. कुवेतमध्ये मी वक्तशीर माणसं पुष्कळ पाहिली, पण फरार असताना इतका वेळेवर येणारा माणूस हा एकच.

मामा सेंट्रिंगचे सुतार. रत्नागिरीकडच्या एका खेड्यातून ठेक्यावर आलेले, जलीबमधल्या एका खोलीत आठ जणांबरोबर राहणारे. त्यांना बसवत नसे. महबूल्याला आमच्या घरी आले की सोफ्यावर टेकत आणि लगेच उठत. चहा उकळेपर्यंत स्वयंपाकघराचे तीन ड्रॉवर ओढून बघून झालेले असत, चौथा खाली काढून त्याची पट्टी तपासणं चाललेलं असे. "मामा, जरा बसा ना," असं बायको म्हणाली की ते म्हणत, "बसतो गं बाय, ह्यो तिरपा हाय तेवढा बगतो." आमच्या वापरातल्या दारांपैकी मामांनी न उतरवलेलं दार फक्त लिफ्टचं. तेही त्यांनी एकदा कान लावून ऐकलं होतं.

गावी ते वीस वर्षं ग्रामस्थ मंडळाचे सचिव होते. माणूस सचिवपदावरून उतरतो, पण सचिवपद माणसातून उतरत नाही, हे मला त्यांच्या खोलीवर गेल्यावर समजलं. तिथं महिन्यातून एकदा शुक्रवारी सभा भरे. विषयपत्रिका असे, सूचक असे, अनुमोदक असे आणि दोनशे पानी वहीत इतिवृत्त असे. सकाळी न्हाणीघरात कुणी किती वेळ घ्यायचा, कांदा परतताना खिडकी उघडायची की नाही, असे विषय. एकदा विषय होता घोरण्याचा. घोरणारे मामाच. ठराव मांडलाही त्यांनीच. का, असं विचारल्यावर म्हणाले, "ज्याच्याविरुद्ध ठराव, त्यालाच सूचक केला की भांडान व्हत नाय." ठराव मंजूर झाला. पुढच्या महिन्याच्या इतिवृत्तात त्याच्यापुढे 'अंमलबजावणी प्रलंबित' असा शेरा मी स्वतः वाचला आहे.

खोलीत शेजारच्या गावचा एक रंगारी होता. तो प्रत्येक ठरावाला उभा राही.

"सचिव, माजा विरोध लिवा."

"कशाला विरोध?"

"त्या मागनं सांगतो. आधी लिवा."

मामा लिहीत. विरोध न लिहिलेली सभा ही सभाच नव्हे, असं त्यांचं मत होतं.

त्यांच्या कंपनीचं काम मध्येच थांबलं. त्यानंतर इकाम्याची, म्हणजे राहण्याच्या परवान्याची, मुदत संपली आणि कंपनीनं तो नवा केला नाही. कामगारांचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात होते. मग एक दिवस मोबाइलवर सरकारी नोंद पाहिली तेव्हा कळलं की, एकोणीस जणांच्या नावापुढे कामावरून फरार असल्याची नोंद आहे. अशी नोंद झालेला माणूस दिसेल तिथं पकडता येतो. शिवाय तो पळाला असल्यामुळे त्याचं कंपनीकडे पगाराचं काही मागणं उरत नाही. कागदावर कंपनीचं काम सोपं झालं होतं.

मी माझ्या परीनं शहाणपणाचा सल्ला दिला. वकिलातीतून परतीचा कागद मिळतो, तो घ्या आणि गावी जा. मामा खिडकी ते दार आणि दार ते खिडकी करत ऐकत होते. मग थांबले.

"जावयबापू, परवाना संपला तं संपला. जातो की गावाला, मला काय हितं मरायचा हाय? पन मी पललो आसं लिवलान हाय. तेवढं खोडूनशान जातो."

"गावात कोण वाचणार आहे ते?"

"मी वाचलाय नं."

दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी सातला कंपनीच्या फाटकाशी जाऊन उभे राहू लागले. फाटकावरचा नेपाळी पहारेकरी आधी त्यांना हाकलून देई, नंतर चहा देऊ लागला. मामा त्याच्याकडून खिशातल्या डायरीत सही घेत. तो इंग्रजीत 'ओके' लिहून देई. असे ओके साठत गेले. कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कागदपत्रं घेऊन कचेऱ्यांत फिरणारा माणूस, एकदा गाडीतून उतरताना त्यांना पाहून दचकला.

"तुम तो भाग गया ना?"

"साहेब, भागा तो इधर कैसे खडा है?"

"सिस्टम में भागा है."

"तो सिस्टम को बोलो, आके देखो."

मंदूब आत गेला आणि फाटक बंद झालं.

या काळात आमच्या घरात कुणालाच स्वस्थता नव्हती. जलीबमधून बाहेर पडणाऱ्या रस्त्यांवर तपासणी असे, त्यामुळे मामा कधी भाजीच्या व्हॅनमधून येत, कधी येतो म्हणून येतच नसत. फोन लागेपर्यंत बायको खिडकीतून हलत नसे. परवाना नसलेल्या माणसाला घरात ठेवणं हा आमचाही गुन्हा ठरत होता. एका दुपारी दाराची घंटा वाजली. भोकातून पाहिलं तर इमारतीचा हारिस, म्हणजे रखवालदार. मी मामांना आतल्या खोलीत ढकललं आणि दार उघडलं. हारिस पाण्याच्या टाकीबद्दल काही सांगत होता. अर्ध्या मिनिटात मामा स्क्रूड्रायव्हर घेऊन बाहेर आले, आमच्या दोघांच्या मध्ये वाकले आणि दाराची बिजागरी पिळू लागले. हारिसनं त्यांना स्वतःच्या खोलीचं दारही दाखवलं. तो गेल्यावर मी आवाज चढवला. मामा शांतपणे म्हणाले, "लपलो तं मंग पललोच की हो."

आमची मुलगी सहा वर्षांची आहे. तिनं हे सगळं ऐकून त्यांना विचारलं, "आर यू लॉस्ट, आजोबा?"

"नाय गं, मी हितंच हाय," ते म्हणाले. त्या दिवशी ते पहिल्यांदाच पूर्ण कप संपेपर्यंत बसले.

एकट्याच्या हजेरीनं काही होत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी सभा बोलावली. एकोणीसही जण आले. ठराव असा: सर्वांनी एकाच सकाळी फाटकाशी हजर राहावे, घोषणा देऊ नयेत, हात खिशात घालू नयेत, हजर असल्याचा कागद कंपनीस द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. रंगाऱ्यानं विरोध नोंदवला आणि शर्ट धुवायला घेतला.

कागदाचं अरबी करण्याचं काम माझ्याकडे आलं. मी पूर्वी एका दैनिकात उपसंपादक होतो. इथं एका कचेरीत भाषांतरं करतो. मजकूर चांगला होता. आम्ही पळालेलो नाही, आम्ही कामाच्या जागी हजर आहोत, खाली एकोणीस नावं आणि सह्या. मात्र तळाशी मामांनी लिहिलं होतं: 'सभा बोलावणारा', आणि पुढे त्यांचं पूर्ण नाव. परदेशी माणसांना इथं जमाव करायला बंदी आहे. ती ओळ म्हणजे कबुलीजबाब होता. मी ती गाळली आणि त्यांना सांगितलं नाही.

मामांना अरबी येत नव्हतं. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि ओळींवरून बोट फिरवलं.

"ह्यात शेवटची वळ खं हाय?"

मी कारण सांगितलं. ते दाराशी गेले, परत आले.

"बोलावनाऱ्याची सही नसलेली सभा म्हंजे काय ठावं हाय? गर्दी. गर्दीला कोन पोच देतो?"

"मामा, नेमकं तुम्हालाच धरतील."

"सचिवालाच इचारतात हो. बाकीच्यांना कशाला इचारतील?"

त्यांनी जलीबमधल्या टायपिंगच्या दुकानात जाऊन ती ओळ मल्याळी टायपिस्टकडून घालून घेतली.

रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, मी रस्त्याच्या पलीकडे, एका बंद दुकानाच्या पायरीवर होतो. मामांनी वही उघडून एकेक नाव घेतलं. प्रत्येकानं 'हजर' म्हटलं. कामावर जाणारे थांबून बघू लागले. रंगाऱ्यानं 'हजर' म्हटल्यावर आणखी काहीतरी म्हटलं. मामांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. साडेसातला पोलिसांची गाडी आली. अधिकारी तरुण होता. त्यानं कागद वाचला, मंदूबला बाहेर बोलावलं आणि विचारलं, "पळालेले ते हेच का?" मंदूब मोबाइलमध्ये काहीतरी शोधू लागला. अधिकाऱ्यानं पुन्हा कागद पाहिला, या वेळी तळापर्यंत, आणि ते नाव मोठ्यानं वाचलं.

मामा म्हणाले, "हजर."

कंपनीच्याच दारात उभ्या असलेल्यांना फरार म्हणून धरायचं कसं, म्हणून त्यानं नावं आणि वेळ टिपून अठरा जणांना जायला सांगितलं. जमाव बोलावल्याबद्दल मामांना गाडीत बसवलं. बसण्याआधी त्यांनी कागदाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मागितला. अधिकाऱ्यानं शिक्का नाही म्हणून पेनानं तारीख आणि सही दिली. ती प्रत मामांनी रंगाऱ्याच्या हातात ठेवली.

अठरा जणांनी कामगार खात्यात तक्रार केली आणि तिला तो कागद जोडला. पोलिसांनी ज्यांना कंपनीच्या दारात पाहिलं ते फरार कसे, याचं उत्तर कंपनीला देता आलं नाही. सहा आठवड्यांत अठरा जणांची नोंद रद्द झाली. सात जणांना दुसरीकडे काम मिळालं, अकरा जण स्वतःच्या पासपोर्टवर घरी गेले. मामांना त्याआधीच, बोटांचे ठसे घेऊन, विमानानं मुंबईला पाठवण्यात आलं होतं. बायको कोठडीवर त्यांना दोन सदरे द्यायला गेली होती. जाळीपलीकडे ते उभेच होते, असं तिनं सांगितलं.

ते गावाहून अधूनमधून फोन करतात. फणसाचं, शाळेच्या छपराचं सांगतात. शेवटी म्हणतात, "जावयबापू, तेवढं बगा."

मी कामगार खात्यात चार वेळा गेलो. चौथ्या वेळी खिडकीतल्या कर्मचाऱ्यानं संगणकावर नाव शोधलं आणि सांगितलं की, हा माणूस देशाबाहेर गेला असल्यामुळे त्याची फाईल बंद झाली आहे. फरार असल्याची नोंद तशीच आहे.