काकांच्या काळ्या मोटारीची छाप: पाळी ते पेडणे

"फोटो घराभायर जायचो नाय!" मावशीने फोनवर ठणकावलं, तेव्हा मीच सुया नि शाई गाडीत टाकून सावंतवाडीहून निघाले. काकांच्या जुन्या काळ्या मोटारीचा तो एकुलता एक फोटो. मोटार कधीच विकली गेली. लग्नाच्या वाढदिवसाला दोघांना तिचं ड्रायपॉइंट, म्हणजे सुईने कोरून काढलेलं छापचित्र, करून द्यायचं होतं. हे काम मला झकास येतं, उगाच नम्रपणा कशाला?

दोडामार्गचा रस्ता छान आहे, वळणांवर हॉर्न मात्र द्या. डिचोलीच्या बाजारात पातळभाजी नि गरम पाव खाल्ले, शंभराच्या आत पोट टम्म! तिथून साखळीमार्गे मावशीचं गाव, पाळी.

फोटो समोरून काढलेला. काका गाडी चालवताहेत, मावशी शेजारी. काचेवरच्या उन्हाने स्टिअरिंग दिसतच नव्हतं, नंबरप्लेट खाणीच्या धुळीने माखलेली.

"कितीदा सांगलंय, माका गाडी शिकवा," मावशी म्हणाली. "हे म्हणत, ट्रकांच्या रस्त्यार बायलमाणसाचा काम न्हय."

"मगे? खरांच ता," काका पेपराआडून म्हणाले.

मावशी तडक आत गेली. मला काकांचा अस्सा राग आला!

फोटोवर पारदर्शक ॲक्रिलिकची पाटी ठेवून सुईने गाडी कोरली. छाप आरशासारखी उलटी येते, म्हणून फोटो आधी उलटा करून घ्यायचा असतो. पण दोन माणसं नि एक गाडी, कोण बघतंय डावं-उजवं?

दुसऱ्या दिवशी दोघांना घेऊन पेडण्याला, मैत्रिणीच्या प्रेसवर. (म्हापशाची गर्दी टाळायची तर सकाळीच निघा.) ओरखड्यांत शाई भरली, ओला कागद ठेवला, चाक फिरवलं. बॉनेट असं काही काळंभोर उतरलं की मीच माझी पाठ थोपटली.

काका वाकले. "अगो, ही ड्रायव्हराच्या जागेर कशी? उलटां झालां! दुसरां काढ."

"हात लावून बघा!" मावशी कडाडली. "जन्मभर मी बाजूक बसलंय. आता तुमी बसा."

परतताना मावशी पुढे माझ्या शेजारी बसली आणि काका मागे, चित्र सांभाळत.

घरी माझ्या भिंतीवर त्याच पाटीची दुसरी छाप आहे, जरा फिकी. काल काकांचा फोन आला. "येणाऱ्या-जाणाऱ्याक ती सांगता, गाडी मीच चालवी होतंय."

"मग तुम्ही काय म्हणता?"

"म्हणतंय, बरी चालवी."