बिबट्याच्या वाटेवर मोठ्यानं बोलताना

परदेशातल्या एका विद्यापीठानं कायमची नोकरी देऊ केली आणि सोमवारपर्यंत उत्तर मागितलं. लोक डोंगरात हिंडायला जातात, तिथे त्यांचं नि जनावरांचं कसं जमतं, हे मी शिकवते. त्यावरच हयात चाललीय म्हणा ना! पुण्याजवळ नांद्याच्या फ्लॅटमध्ये काही सुचेना. शनिवारी सकाळी स्कूटर काढली आणि ताम्हिणीला निघाले.

लवळ्यावरून पिरंगुटला या, पेट्रोल तिथेच भरा. कारखान्यांची शिफ्ट सुटायची वेळ टाळा, नाहीतर चौकात अडकाल. पौडला मिसळ बरी मिळते. पुढे मुळशीचं पाणी सोबतीला असतं. पावसाळ्यात इथे गाड्यांची रीघ, दिवाळीनंतर मात्र चिटपाखरू नाही. मला हीच शांतता आवडते असं मी सगळ्यांना सांगते. साफ खोटं! पाण्याचा सुरेख फोटो काढला आणि पाठवायला कुणी आठवेना.

ताम्हिणीत शेवंतामावशींच्या धाब्यावर पिठलं-भाकरी खाल्ली. शंभरात पोट भरतं. कामानिमित्त दरवर्षी येते, म्हणून ओळख.

"वरच्या वाटंला निघालीस व्हय? बोलत जा. बिबट्या फिरतुया."

हे मीच वर्गात सांगते: माणसाचा आवाज आला की बिबट्या बाजूला होतो.

"कुणाशी बोलू, मावशी? एकटीच आहे."

"कुणाशी बी. आमी म्हशींशी बोलतो."

वाट धाब्याच्या मागूनच चढते. आधी लेक्चर झाडलं. ते संपलं आणि मग बिबट्याशीच भडाभडा सुरू झालं. पगार चांगला आहे रे बाबा, जंगलही मोठं आहे. सगळे म्हणतात, जा. एकानंही, अगदी एकानंही 'नको जाऊ' म्हटलं नाही. मी गेले काय, राहिले काय, कुणाचं काही अडत नाही! हे तर ओरडूनच म्हणाले. बिबट्या दिसला नाही. पोटभर रडले, पाणी प्यायले आणि उतरले.

मावशी चहा घेऊन उभ्याच होत्या. "लई बोललीस. समदं हितवर ऐकू येत व्हतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मंग मी म्हनते, नको जाऊ. झालं?"

चहाचे पैसे मात्र त्यांनी चोख घेतले.

अडवणारं माणूस असलं की पाय निघत नाही म्हणतात. माझं उलटंच. कुणीतरी अडवावं म्हणून इतके दिवस खोळंबले होते; मावशींनी अडवलं आणि पाय सुटले. रविवारी होकार कळवला आणि मावशींना फोन केला.

"जा मंग," म्हणाल्या, आणि फोन काही ठेवेनात.