सावडीचा हात

"वर कर हात. सगळ्यांना दिसू दे," बाई म्हणाल्या.

मी केला. नखांत चिखल. बोटांच्या बेचक्यांत चामडी सोललेली. भातलावणीचे दिवस होते. दिवसभर खाचरातल्या पाण्यात राहिलं की हातापायाची बोटं कुजतात, आमच्याकडं सगळ्यांचीच. सकाळी निघताना मी साबणानं घासून घासून हात धुतले होते. नखातला चिखल निघत नाही तो नाहीच.

"या हातांसाठी आम्ही आमचे रविवार घालवतो का?" बाईंनी हॉलला विचारलं. हॉल हसला. कार्यक्रमात हसतात तसा, सहज.

मी तेव्हा नववीत होते. भोरमधल्या शिकल्यासवरलेल्या काही मंडळींनी वेल्ह्याच्या डोंगरातल्या हुशार मुलींसाठी एक उपक्रम काढला होता. दर रविवारी भोरला मार्गदर्शन. प्रत्येक मुलीमागे एक ताई. ताईनं मुलीला प्रेरणा द्यायची, स्वप्नं बघायला शिकवायचं. दहावी झाली की भोरच्या वसतिगृहात जागा, पार कॉलेज संपेपर्यंत. आमची वाडी पासलीच्या वरच्या अंगाला. तिथल्या मुलीला कॉलेज करायचं तर एवढी एकच वाट दिसत होती. या बाई म्हणजे माझी ताई. फुकट करत होत्या सगळं, हे खरं. दर रविवारी ते सांगायच्याही.

लावणीत माझे रविवार बुडाले. कारण सावड. आज आमच्या घरचे हात तुमच्या खाचरात, उद्या तुमच्या घरचे आमच्या. मजुरी नाही. हाताची फेड हातानंच. ज्यानं हात घेतला आणि फेडला नाही, त्याच्या खाचरात पुढच्या साली कुणी उतरत नाही. आमच्या घरात बाप आजारी, भाऊ लहान. फेडायला आई आणि मी. हे मी बाईंना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, कारणं देणारी माणसं कधी मोठी होत नाहीत.

त्या दिवशी पालक मेळावा होता, म्हणून आई माझ्यासोबत आली होती. मागच्या रांगेत खुर्चीच्या कडेवर बसली होती, पदर घट्ट लपेटून. बाईंनी तिला उभं केलं. म्हणाल्या, हात वर करून सगळ्यांसमोर शपथ घ्या, मी माझ्या मुलीला पुन्हा शेतात नेणार नाही.

आईनं हात वर केला. तिचा हात माझ्यापेक्षा वाईट होता.

हॉलमधल्यांना शपथ म्हणजे कार्यक्रमाचा एक भाग. म्हणायची, टाळ्या वाजवायच्या, पुढे चहा. आई तशी नव्हती. तिच्या लेखी शब्द म्हणजे शब्द. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीतल्या धोंडूआप्पाच्या खाचरात दोघींचे हात द्यायचा शब्द तिनं आधीच देऊन ठेवला होता. आता खोटं तिला बोलवेना, आणि एवढ्या माणसांत नाही म्हणायची छाती होईना. हात वर, तोंड मिटलेलं. पुढच्या रांगेतला एकजण मोबाईल धरून शूटिंग करत होता. "बोला, बोला," बाई म्हणत होत्या. लाडानं म्हणत होत्या, लहान मुलाला म्हणावं तसं.

माझ्या अंगाची आग झाली. आजही होते.

मी म्हणाले, "आये, हात खाली घे."

"काय म्हणालीस?" बाईंनी विचारलं.

मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. "आये, हात खाली घे. चल घरी."

बाई म्हणाल्या, आता गेलीस तर परत यायचं नाही. आम्ही गेलो. एसटीत विंझर मागं पडल्यावर आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "जागा गेली गं तुजी." मी म्हणाले, "व्हय."

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. नसरापूरला मावशीकडे राहिले. तिच्या घरची धुणीभांडी केली, कॉलेज केलं, मग रक्त तपासायचा कोर्स. आता भोरमध्ये एका लॅबमध्ये आहे. लोकांच्या दंडाला सुई टोचते. वसतिगृहाची जागा टिकली असती तर आणखी काही झाले असते का, कुणास ठाऊक. पण जे झालं ते त्या नकारामुळे चांगलं झालं असं मी कधीच म्हणणार नाही. नकार महाग पडला. तरी पुन्हा तेच करीन.

नोकरी लागल्यावर मी रविवारी वाडीवर जाऊन मुलींना शिकवायचं ठरवलं. आमच्या मुली अजूनही दहावीला थांबतात. समाजमंदिर झाडून घेतलं, फळा टांगला. उन्हाळ्यात मुली आल्या, लावणी सुरू झाली तशा बंद. मी घरोघर गेले. पोरींना पाठवा, मी फुकट शिकवते, म्हणाले. बायका ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "ताई, तुमचं बरं हाय. तुमी भोरात ऱ्हाता."

ताई. तुमी. माझ्याच वाडीतल्या बायका, ज्यांनी मला परकरात बघितलंय. मी त्यांच्या दारात उभी होते आणि माझ्या तोंडून भोरच्या त्या बाई बोलत होत्या. लाज वाटली. स्वतःचा संतापही आला.

पुढच्या रविवारी पुस्तकं घरी ठेवली आणि खाचरात उतरले. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, हातात रोपाची मूठ. दिवसभर लावणी केली. संध्याकाळी बांधावर बसल्या बसल्या म्हणाले, माझा हात सावडीत धरा. फेडताना मला हात नको, पोरीचा रविवार द्या. बायका खो खो हसल्या. ही कसली नवीन सावड, म्हणाल्या. धोंडूआप्पाची म्हातारी तेवढी हसली नाही. ती म्हणाली, "हात घेतलाय ना तिचा? मंग फेडाय लागंल."

तिथून मुली येऊ लागल्या. प्रेरणेबिरणेनं नाही. घरावर हात चढलाय, तो फेडायचा म्हणून. मी त्यांना स्वप्नं बघा म्हणत नाही. गणित घेते, इंग्रजी घेते. कुठली एसटी कॉलेजच्या वेळेला पोचते, वसतिगृहात पाळी आली तर काय करायचं, कुणी आडवं बोललं तर काय बोलायचं, हे सांगते. मार्गदर्शन म्हणतात ते हेच असावं. मला दुसरं येत नाही.

त्यातली मनीषा. बारावी सायन्स केलं तिनं, वेल्ह्याला जाऊन येऊन. तिच्या वाट्याच्या रोपांच्या मुठी मी लावायचे, ती समाजमंदिरात बसून अभ्यास करायची. नर्स व्हायचं होतं तिला. पुण्याला नर्सिंगला नंबर लागला. त्या रात्री मला झोप लागली नाही, आनंदानं.

चार दिवसांत तिची आई म्हणाली, "तुमी लई केलं ओ ताई. पण तिचं ठरलं."

मुलगा चांगला. गुंजवण्याकडचं गाव. भाताची शेती. घरात बाईमाणूस म्हणजे सासू एकटी, सावडीला हात देणारी दुसरी कुणी नाही, म्हणून त्यांना घाई. म्हणजे पोरीला मागणी आली ती तिच्या हातांना आली. मी भांडले, पाया पडले, चिडले. मनीषाचा बाप म्हणाला, लग्नानंतर शिकवतो म्हणालेत ते. सगळेच म्हणतात. अठरा पूर्ण झाली होती, कायद्यानं काही करता येत नव्हतं. मनीषाला बाजूला घेऊन विचारलं, तुला काय पाहिजे. ती म्हणाली, "ताई, आये रडती ओ." तिच्या जागी कॉलेजात दुसरी कुणी बसली. मी अक्षता टाकल्या. जेवलेसुद्धा.

भोरमध्ये ओळखीचे लोक म्हणतात, किती छान काम करता, तरुण पिढीला वळण लावता. काय लावलं मी? रोपं लावली. मुली होत्या तिथंच आहेत, फार तर दुसऱ्या गावच्या खाचरात. निराश आहे मी. तसं म्हणायला मला लाज नाही.

मागच्या रविवारी समाजमंदिर आटपून स्कूटी गुंजवण्याकडे वळवली. मनीषा खाचरात होती, पदर खोचून, वाकलेली. तिच्या सासूनं विचारलं, तुमी कोण. मनीषाच्या गावची, सावडीला आले, म्हणाले आणि उतरले. अंधार पडेपर्यंत मनीषाच्या शेजारी लावत होते. ती मान वर न करता लावत राहिली.

घरी सासूनं चहा दिला. बाई वाईट नाही. म्हणाली, "हात फेडाय कुठं येऊ?"

"हात नको. तुमच्या सुनेचा एक रविवार द्या. नर्सिंगची चौकशी कराया भोरला न्यायची हाय."

तिनं कप खाली ठेवला. "त्ये न्हाई जमायचं."

"मंग माजा हात तुमच्यावर ऱ्हायला."

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. मनीषा उठून आत गेली. तिला अजून शिकायचं आहे की नाही, हेही मला आता नक्की माहीत नाही.

या रविवारी मी पुन्हा जाणार आहे. लावणी उरकली की बेणणीला, तण काढायला जाईन, मग कापणीला, मग झोडणीला. बोलावलं नाही तरी जाईन. त्या घरावर माझे हात चढवत जाईन, इतके की गावातल्या बायका पाणवठ्यावर सासूला विचारतील, हिची फेड कधी करणार. साल लागेल, दोन सालं लागतील. तोवर मनीषाच्या कडेवर मूल असेल. असू दे. मुलाला मी धरीन, तिनं वर्गात बसायचं. आणि ती स्वतः नको म्हणाली, तर तेही तिच्याच तोंडून ऐकीन. सासूच्या नाही, आईच्या रडण्यातून नाही. तोपर्यंत त्या घरावर चढलेला एक हात सोडणार नाही मी.