केलं आणि तपासलं

तेलीबागेतल्या मेश्रामांच्या घरी कूलरचा पंप बदलला तरी त्याची वहीत नोंद होते. बबनराव मेश्राम सत्तावीस वर्षं हवाई दलात विमानांतली उपकरणं दुरुस्त करायचे. तिथला कायदा असा, की आपलं काम आपणच तपासायचं नाही. करणाऱ्याची एक सही, बघणाऱ्याची दुसरी, तेव्हा कुठं विमान उडणार. बख्शी का तालाबच्या हवाई तळावरच्या शेवटच्या पोस्टिंगनंतर ते पेन्शन घेऊन तिकडंच, हिंदी मुलखात, घर करून राहिले. विमानं सुटली, कायदा काही सुटला नाही. निळ्या पुठ्ठ्याच्या लांब वहीत त्यांनी दोन रकाने आखले. एकावर लिहिलं ‘केलं’, दुसऱ्यावर ‘तपासलं’. पहिल्यात कायम बबनरावांची सही, दुसऱ्यात त्यांच्या बायकोची, सुभद्राबाईंची.

सुभद्राबाई ती सही न बघताच करायच्या. हात पिठाचे असले तर कोपरानं वही दाबून धरायच्या.

“बघितल्याशिवाय सही करणं गुन्हा आहे, सुभद्रा,” बबनराव दरवेळी चिडायचे. “कोर्ट मार्शल होईल तुझं.”

“होऊ द्या. तिथं तरी आयतं जेवायला मिळेल.”

पण वहीत न बघणाऱ्या सुभद्राबाईंचं घरात लक्ष नव्हतं असं नाही. गेले काही महिने बबनराव चहा अर्धाच कप मागत होते. शर्टाचं गळ्याजवळचं बटण त्यांनी लावायचं सोडलं होतं. आणि सुया. सुभद्राबाई शेजारपाजारच्या साड्यांना फॉल लावून द्यायच्या. चाळिशी लागली तसा त्यांना सुईत दोरा ओवता येईना, तेव्हापासून रोज सकाळी बबनराव सात सुया ओवून उशीला टोचून ठेवायचे. एका दमात, दोऱ्याचं टोक ओलंसुद्धा न करता. उन्हाळा लागता लागता ते थांबलं. कधी विसरलो म्हणाले, कधी चष्मा सापडेना. सुभद्राबाईंनी काही विचारलं नाही. बाजारातून दोरा ओवायची पत्र्याची चिमुकली ओवणी आणली आणि शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनच्या डब्यामागं ठेवून दिली.

अशातच कॉम्प्युटरचं निघालं.

त्यांची लेक पायल घरांच्या आतल्या सजावटीचे नकाशे करायची. गोमतीनगरच्या ऑफिसातली नोकरी सोडून ती घरून स्वतःचं काम सुरू करणार होती. पहिलं गिऱ्हाईकही मिळालं होतं, सोमवारपासून काम. पण तिचा लॅपटॉप पडद्यावरचा एक सोफा फिरवायला पाच मिनिटं घ्यायचा. तयार कॉम्प्युटर परवडेना. तेव्हा बबनरावांनी जेवताना जाहीर केलं, “सुटे भाग आणू. मी जोडतो.”

“पापा, दुकान वाले असेंबल कर देते हैं ना,” पायल म्हणाली.

“जोडायला दुकानवाला कशाला? मी काय मेलोय का?”

सुभद्राबाईंच्या हातातला भाताचा चमचा क्षणभर थांबला. मग त्यांनी भात वाढला.

तीन आठवडे बबनरावांनी अभ्यास केला. प्रोसेसर आणि मदरबोर्ड एकत्र घेतले तर सूट मिळते, असं त्यांना समजलं. दोन्ही मागच्या पिढीचे असतात, नवीन माल यायचा असतो म्हणून दुकानदार त्यांची जोडी लावून काढून टाकतो. चार दुकानांत फोन झाले. एकाकडं प्रोसेसर चांगला तर बोर्ड कमअस्सल, दुसऱ्याकडं उलटं. शेवटी हजरतगंजजवळच्या समीरभाईंच्या दुकानात दोन्ही मनासारखं मिळालं. सुभद्राबाई सोबत गेल्या होत्या.

“चांगल्याला चांगलं मिळालं हो,” त्या म्हणाल्या. “नाहीतर लग्नात आमच्या मामानं खपवलं तसं व्हायचं.”

“कोणाला कोणाबरोबर खपवलं, ते नको काढू इथं.”

समीरभाईंनी प्रोसेसरचा डबा उघडून दाखवला. नाश्त्याच्या बिस्किटाएवढा चौकोन, आणि पोटाला केसांसारख्या सोनेरी पिना, तेराशेच्या वर. “अंकल, हम लगा दें? दस मिनट का काम है,” ते म्हणाले. “एक भी पिन मुड़ी तो वारंटी ख़त्म. फिर हम भी कुछ नहीं कर पाएँगे.”

“बेटा, मैंने मिग के मीटर खोले हैं,” बबनराव म्हणाले. डबा त्यांनी डाव्या हातानं उचलला. उजवा खिशात होता.

गुरुवारी पायल गिऱ्हाइकाचं घर बघायला इंदिरानगरला गेली, आणि सुभद्राबाई भाजीला. परत आल्या तर मधल्या खोलीचं दार आतून बंद. त्या दारापुढंच उभ्या राहिल्या. वही सुरू झाल्यापासून बबनरावांनी एकट्यानं कधी काम केलं नव्हतं. बल्ब बदलायचा तरी “सुभद्रा, इकडे ये, उभी राहा” अशी हाक यायची. करणारा एक आणि बघणारा एक.

“अहो.”

त्यांनी दारावर टकटक केलं.

“अहो, कडी काढा. मी भाजी ठेवून येते, तोवर काढून ठेवा.”

भाजी ठेवायला त्यांनी मुद्दाम वेळ लावला. मेथी पिशवीतून काढली, पुन्हा पिशवीत घातली. आल्या तेव्हा कडी निघालेली होती. बबनराव टेबलापाशी बसले होते, हात मांडीखाली दाबून, शाळेतल्या मुलासारखे. समोर बोर्ड, त्याच्या शेजारी तो चौकोन उताणा पडलेला. वही उघडी होती. ‘प्रोसेसर बसवणे’ एवढंच लिहिलेलं.

“निसटला,” ते म्हणाले. “दोन बोटं उंचीवरून. कोपऱ्यावर पडला.”

“तुटलं काही?”

“तीन पिना वाकल्यात. आता हा बसायचा नाही. समीरकडं नेऊन उपयोग नाही. पोरीचं सोमवारी काम आहे आणि मी...” त्यांनी उजवा हात मांडीखालून काढला आणि टेबलावर ठेवला. टेबलावरचा स्क्रू-ड्रायव्हर बारीक किणकिणू लागला. “बघ. हे असं आहे.”

सुभद्राबाईंना त्या हातावर हात ठेवावासा वाटला. पण तसं केलं असतं तर बबनराव उठून गेले असते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी खुर्ची ओढली.

“वाकलेली पिन सरळ होते का?”

“होते. सावकाश केली तर. एकदाच. दुसऱ्यांदा वाकवली की तुटते.”

“कशानं करतात?”

बबनराव टेबलाकडं सरकले. “पायलची ती शिसं घालायची पेन्सिल आण. बारीक टोकाची.”

त्यांनी शिसं काढून टाकायला सांगितलं. पेन्सिलीचं पोकळ टोक पिनेवर नळीसारखं बसवायचं आणि हळूच उभं करायचं. जुन्या पेटीतून स्टँडवरचं मोठं भिंग निघालं. त्यांचं डोळ्याला लावायचं छोटं भिंगही निघालं.

“तू करशील?”

“जरीच्या पदरातला टाका उसवते मी, सूत न ओढता. यात काय आहे?”

“यात तुझ्या पोरीचा धंदा आहे.”

“मग तर करतेच. सांगा.”

सुभद्राबाईंनी बांगड्या मागं सारल्या, कोपरं टेबलाला टेकवली. भिंगाखाली पिनांचं पीक उभं होतं, ओळीत, आणि कोपऱ्यावर तीन रोपं वाऱ्यानं आडवी झालेली.

“आधी बाहेरची. बसलं टोक? आता तुझ्याकडं ओढ. ओढ म्हणजे नुसता विचार कर ओढायचा. थांब. बघू दे.” ते भिंग लावून वाकले. डोळे अजून तसेच होते, घारीसारखे. “केसभर राहिलंय. पुन्हा. बस्स. श्वास सोड.”

“मी रोखला कुठंय?”

“मग मीच रोखला असेल.”

दुसरी पिन सहज आली. तिसरी मुळाशीच वाकली होती. सुभद्राबाईंनी दोनदा टोक बसवलं, दोनदा काढलं, हात पदराला पुसले. बबनराव भिंग डोळ्याला लावून राहिले. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाले, “तुझ्या मनानं कर. मी बघतोय.” पिन उभी राहिली.

मग बोर्डवरचा खटका उचलायचा, चौकोनाची खूण खुणेला जुळवायची आणि नुसतं टेकवायचं. “दाबू नको. आपल्या वजनानं उतरला पाहिजे.” तो उतरला. उरलेलं दुपारभर चाललं. एकेक वायर ते सांगत होते, त्या लावत होत्या, आणि प्रत्येक स्क्रूनंतर ते भिंग लावून बघत होते. न बघता काहीच पुढं गेलं नाही.

संध्याकाळी पायल आली, तिनं बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा उजळला. तासाभरात आपले प्रोग्रॅम घालून तिनं लॅपटॉपमधला तो सोफा आणून फिरवला. सोफा गर्रकन फिरला.

“वाह पापा! अकेले कर लिया?”

सुभद्राबाईंनी वही आधीच मिटून साड्यांच्या गठ्ठ्याखाली सरकवली होती. पोरीपुढं बापाचं काम बापाचंच राहू दे, असं त्यांनी कांदा चिरताना ठरवलं होतं. पण बबनराव उठले, गठ्ठा उचलून वही काढली आणि पायलसमोर उघडून धरली. ‘केलं’च्या खाली सुभद्राबाईंची सही होती. ‘तपासलं’च्या खाली त्यांची स्वतःची, मुंग्या चालल्यासारखी.

“तुझ्या आईनं केलं,” ते म्हणाले. “माझा हात थरथरतोय. सुईसुद्धा धरता येत नाही.”

पायलनं वही घेतली, मग वही ठेवून हात घेतला. “कब से, पापा?”

“झाले असतील दोन-तीन महिने.”

“होळीपासून,” सुभद्राबाई म्हणाल्या.

बबनराव वळले. “तुला माहीत होतं?”

“तपासायचं काम माझ्याकडंच होतं ना?”

पायलनं तिथंच नव्या कॉम्प्युटरवर माजी सैनिकांच्या दवाखान्याचे वार बघितले. मेंदूचे डॉक्टर मंगळवारी बसतात. “मैं ले जाऊँगी,” ती म्हणाली. “‘नहीं’ मत बोलना.”

“नहीं कौन बोल रहा है?” बबनराव म्हणाले. त्यांनी वही ओढली आणि पुढच्या ओळीवर, वेळ लागला तरी स्वतःच लिहिलं: ‘उजवा हात, मंगळवार.’

सुभद्राबाई चहा टाकायला उठल्या. दारातून त्यांनी विचारलं, “कप भरून देऊ का?”

“दे भरून,” बबनराव म्हणाले. “सांडला तर सांडला.”