तुटलं तिथून पुढं

"तुटू द्या की काकू. तुटलं तिथून पुढं." असं म्हणून तो दोन बोटांनी कीबोर्डवर टकटक करायचा, एंटर दाबायचा आणि हात मांडीवर ठेवून बसायचा. देवासमोर बसावं तसा.

तुमच्याही बिल्डिंगमध्ये असा एखादा असेल बघा. इथे आखातात, बिन महमूद भागात, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये तो राहायचा. लातूरकडचा, कॉन्ट्रॅक्टवर आलेला कंप्युटरवाला. माझी आमटी ओरपून वर म्हणायचा, "गोडंय हो काकू." मी म्हणायचे, "कोकणातली आहे. तिखट हवं तर लातूरला जा!"

आमचे हे होते तेव्हा शुक्रवारी सकाळी अबू हमूर भागात आपल्या मराठी पोरांना गोष्टी सांगायचे. इथल्या मराठी मंडळाने त्या रेकॉर्ड करून भाड्याच्या सर्व्हरवर ठेवल्या होत्या. हे गेले, पोरं पांगली, आणि एक दिवस मंडळातून फोन आला, "काकू, महिनाअखेर सर्व्हर बंद करतोय." ह्यांचा आवाज दुसरा कुठेच उरला नव्हता हो. मी समोरचं दार वाजवलं.

एकेक गोष्ट सर्व्हरवरून हाताने उतरवून घ्यायची तर जन्म जाईल, म्हणाला. त्याने काळ्या स्क्रीनवर चार ओळी लिहिल्या. "आता हीच एकेक आणायला जाईल. आपण चहा घेऊ." संध्याकाळपर्यंत सगळ्या फाइली आल्या. "खलास, काकू!" मी लगेच शिरा केला, ह्यांच्या फोटोपुढे ठेवला. मग पहिली गोष्ट लावली, तर आवाजच नाही. दुसरीही तशीच, मुकी.

तो वाकून बघत राहिला. सगळ्या फाइली अगदी एकाच आकाराच्या होत्या. "गाढव आहे मी, काकू. सर्व्हरनं दारातच पासवर्ड मागितला. आपल्या त्या चार ओळींच्या स्क्रिप्टनं ते मागणारं पानच दरवेळी उचलून आणलं, वर गोष्टीचं नाव लावून." शिऱ्याला त्याने हात लावला नाही. "आधी आवाज."

मंडळाने जुना पासवर्ड शोधून देईपर्यंत महिना सरत आला. त्यात त्याचंही कॉन्ट्रॅक्ट संपलेलं. बॅगा दारात बांधलेल्या आणि हा माझ्या जेवणाच्या टेबलाशी. सर्व्हर माझ्यासारखाच म्हातारा, मध्येच दम टाकायचा, लाइन तुटायची. मी घाबरून विचारायचे, "काय करायलास रे?" त्याचीच बोली त्याला. "ओढायलोय काकू. तुटलं तरी आलेलं जात नसतंय."

गोष्ट सुरू करण्याआधी हे खाकरायचे. ते खाकरणं खोलीत ऐकू आलं, तसा मी पदर तोंडाशी नेला. तो उठून गॅलरीत गेला. बराच वेळ खालच्या गाड्या बघत उभा होता. आत आल्यावर एवढंच म्हणाला, "आता करा शिरा."

शेवटची गोष्ट तेवढी राहिली. अल रुवैसच्या बंदरावर ह्यांना भेटलेल्या, गलबत हाकणाऱ्या एका तांडेलाची. अर्धी आली आणि सर्व्हर कायमचा बंद झाला. त्याने पुन्हा पुन्हा एंटर दाबलं. खाली टॅक्सी हॉर्न देत होती.

"काकू, ही राहिली," म्हणाला. त्याला माझ्याकडे बघवेना. पाया पडला. "गावाकडं गेलो की नवा नंबर कळवतो."

"इन्शाल्ला," मी म्हटलं.

समोरच्या दाराशी आता कुणाच्या तरी लेकराची सायकल असते. नंबर काही आला नाही. असतील त्याच्याही मागे व्यवधानं.

"वारा पडला तेव्हा तांडेल म्हणाला," इथे हे थांबतात. त्या शुक्रवारी मी मागच्या खुर्चीवर बसले होते, पुढचं मला पाठ आहे. परवा उरलेली गोष्ट मी माझ्या आवाजात फोनवर रेकॉर्ड केली आणि त्याच्या इथल्या जुन्या नंबरावर पाठवली. तो बंद आहे, ठाऊक आहे मला.

अजून एकच टिक दिसते. मी रोज बघते.